चालत्या पावलाचा वेग

तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. अंगठा गेला तर ३०. तर्जनीचं नुसतं टोक छाटलं गेलं आणि हाड शाबूत राहिलं, तर ५.

आपल्याकडच्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला जोडलेली ही यादी. बोट गेलेला माणूस आधीपेक्षा किती कमी कमावेल, याचा सरकारने बांधलेला अंदाज. गिरण्या, छापखाने, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, गोद्या अशा जागा डोळ्यांसमोर ठेवून ती तयार झाली असावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. पण यादी एकदा वाचली की विसरता येत नाही. माणसाच्या हाताकडे पाहताना आकडे आपोआप आठवतात.

मला ते आठवले सिंगापूरच्या चांगी विमानतळावर, काचेच्या अलीकडे कॉफी घेऊन बसलो असताना. आपल्याकडून सिंगापूरला जाणारा माणूस चांगीत ज्वेलमधला धबधबा पाहतो, गालिच्यांवरून चालतो, स्वच्छतागृहाचंसुद्धा कौतुक करून येतो. मीही केलं. पण गेटवरच्या काचेतून खाली जे दिसतं, ते या सगळ्यापेक्षा जास्त गुंतवून ठेवणारं असतं. खाली एक ट्रॅक्टर उलटा येत होता. त्याच्या मागे सामानाची रिकामी डॉली उभी होती आणि दोन्हींच्या मध्ये एक माणूस. त्याने वाकून डॉलीचा दांडा उचलला. ट्रॅक्टर आणखी हातभर मागे आला. दांड्याचं कडं हुकात बसलं, वरून खीळ पडली, माणूस बाजूला झाला. सगळं मिळून चार-पाच सेकंद. तेवढ्या वेळात त्याची बोटं, मनगटं, मांड्या दोन लोखंडांच्या मध्ये होत्या आणि ट्रॅक्टरवाल्याची मान मागे वळलेली होती. मग पुढची डॉली. मग त्याच्या पुढची.

विमानतळावरचा अपघात म्हटलं की आपल्याला विमान आठवतं. धावपट्टी, आग, ब्लॅक बॉक्स. विमान जिथे उभं राहतं त्या काँक्रीटच्या पटांगणाला कामगार ‘रॅम्प’ म्हणतात, कागदोपत्री त्याचं नाव एप्रन. माणसं जायबंदी होतात ती तिथे. आणि ज्या गाडीने ती होतात, ती बहुतेक वेळा चालत्या पावलाच्या वेगाने जात असते.

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने सुमारे दोन दशकांपूर्वी एक जागतिक अंदाज बांधला होता. वर्षाला सुमारे २७,००० रॅम्प-अपघात, म्हणजे दर हजार उड्डाणांमागे एक, आणि २,४३,००० माणसं जखमी. गणित केलं तर हजार उड्डाणांमागे नऊ माणसं. चांगीवर २०२४ साली ३ लाख ६६ हजार विमानं उतरली आणि उडाली. त्यातली निम्मी उड्डाणं धरली तर १ लाख ८३ हजार. जगाची ती जुनी सरासरी चांगीला लावली तर वर्षाला सोळाशेच्या वर जखमी निघतील. हा आकडा चांगीचा नाही, हे स्पष्ट सांगतो. सिंगापूर सरासरीत बसणारं शहर नाही. पण ‘दर हजारी नऊ’चा अर्थ काय होतो, ते एका मोठ्या विमानतळाच्या मापाने मोजल्याशिवाय कळत नाही.

*

विमान गेटवर लागलं की दहा-पंधरा मिनिटांत त्याच्याभोवती जत्रा भरते. चाकांना गुटके, म्हणजे चॉक्स, लावणारे. विजेची जोडणी करणारे. बेल्ट-लोडर, म्हणजे सामान पोटात चढवणारा फिरता पट्टा. मोठ्या विमानाला कंटेनर उचलणारा हाय-लोडर. जेवणाच्या ट्रॉल्या घेऊन कात्रीसारखा वर चढणारा कॅटरिंगचा ट्रक. इंधनवाला, पिण्याच्या पाण्याची गाडी, संडास उपसणारी गाडी (ही कधीच पाण्याच्या गाडीशेजारी लावू नये असा दंडक आहे, आणि तो का, हे सांगायला नको). सफाईवाल्यांची व्हॅन, इंजिनियरांची जीप. शेवटी नाकासमोर येऊन उभा राहणारा पुशबॅकचा टग. एवढा पसारा एका विमानाच्या सावलीत मावतो, आणि बजेट एअरलाइनचं विमान असेल तर अर्ध्या-पाऊण तासात तो आवरावा लागतो.

या जागेत वेगाने गाडी हाकायला वावच नसतो. मग माणसं सापडतात कशी? एक कारण कान. शेजारच्या स्टँडवर इंजिन चालू असतं, पायाशी जनरेटर घरघरत असतो आणि कामगाराने कानांवर मफ चढवलेले असतात. घातलेच पाहिजेत, नाहीतर चाळिशीत बहिरेपण. पण ते घातले की मागे येणाऱ्या गाडीचा पीं-पीं आवाजही बंद. रस्त्यावर आपण गाडी पाहण्याच्या आधी ऐकतो. रॅम्पवरचा माणूस हे इंद्रिय घरी ठेवून कामाला येतो.

दुसरं कारण वळण. चार डॉल्यांची माळ घेऊन ट्रॅक्टर वळला की शेवटची डॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, कोपरा कापत आतून जाते. उसाचे दोन ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर वळताना बांधावर उभं राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. पुढचा चालक आपल्याला ओलांडून गेला, म्हणजे संकट टळलं असं वाटतं. ते अजून मागून यायचं असतं.

आणि रॅम्प सपाट असला तरी मोकळा नसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत शार्लट विमानतळावर रात्रीच्या वेळी सामानाचा टग उलटला आणि त्यावरचा २४ वर्षांचा कामगार गेला. टगच्या वाटेत काय आलं होतं, तर पडलेली एक बॅग. आपल्यासारख्या कोणाची तरी, चाकं असलेली, कुलूप लावलेली.

पुशबॅकच्या टगविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या सगळ्या गाड्यांत तोच सर्वांत अजब. विमान स्वतः उलटं जात नाही, त्याला मागे ढकलावं लागतं. पूर्ण भरलेलं ए-३८० पाचशे टनांच्या वर जातं. ते ढकलायचं तर टगची नुसती ताकद पुरत नाही. टग हलका असेल तर त्याचे टायर जागच्या जागी फिरतील. म्हणून मोठ्या विमानांचे टग मुद्दाम जड बनवतात, कित्येक टन वजन निव्वळ पकड मिळावी म्हणून. असा टग आणि विमानाचं नाकाचं चाक यांना जोडणारा लांब लोखंडी दांडा म्हणजे टो-बार. टो-बारमध्ये एक खीळ असते, ती मुद्दाम कच्ची ठेवलेली. ओढ वाकडी पडली तर नाकाच्या चाकाची मांडणी मोडण्याआधी ही खीळ तुटावी, अशी योजना. स्वयंपाकघरातल्या कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखीच. फरक एवढाच, की खीळ वाचवते ते विमानाला. ती तुटली की दांडा आणि विमान वेगळे होतात, आणि शेजारून चालणाऱ्या माणसासमोर कित्येक टनांचं धूड आपल्या मनाने पुढे येतं. कॉकपिटमध्ये ब्रेकवर बसलेला तंत्रज्ञ ते थांबवेपर्यंतचा क्षण त्या चालणाऱ्या माणसाचा नसतो.

६ मे २०१९ रोजी कुवेतच्या विमानतळावर ओढून नेल्या जात असलेल्या बोइंग ७७७च्या चाकाखाली सापडून केरळचा एक तंत्रज्ञ गेला. टो-बार तुटल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी हाँगकाँगला ३४ वर्षांचा एक जॉर्डनी कामगार टगच्या बाकावरून खाली पडला आणि मागून ओढल्या जाणाऱ्या विमानाखाली गेला. सीटबेल्ट लावलेला नसावा, असं प्राथमिक चौकशीत म्हटलं गेलं. एवढ्याशा वेगाला बेल्ट कशाला, हा विचार कोणाच्या मनात येणार नाही? कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना आपण हेल्मेट घालतो का?

चांगीवरही टगने एकदा हिसका दाखवला होता. २९ नोव्हेंबर २०१७ च्या पहाटे सिंगापूर एअरलाइन्सचं रिकामं बोइंग ७७७ ओढून आणलं जात असताना टगनेच पेट घेतला आणि आगीची झळ विमानाला लागली. आत बसलेला तंत्रज्ञ सुखरूप बाहेर पडला. कोणी जखमी झालं नाही म्हणून ही घटना ‘विमानाचं नुकसान’ या सदरात जमा आहे.

याच सदरावर उद्योगाचं खरं लक्ष असतं. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने २०२२ च्या अखेरीस हिशेब मांडला, की जमिनीवर होणाऱ्या नुकसानीचा वार्षिक खर्च २०३५ पर्यंत जवळजवळ १० अब्ज डॉलर्सवर जाईल. उपाय म्हणून बेल्ट-लोडर, कार्गो-लोडर, जिने आणि एअरोब्रिजना टक्करविरोधी सेन्सर बसवावेत. जगातली अशी ७५ टक्के साधनं बदलली, तर विमानाच्या प्रत्येक फेरीमागचा हा खर्च ४२ टक्क्यांनी घटेल. हिशेब विमानाच्या पत्र्याचा आहे. पत्र्यासाठी बसवलेला सेन्सर माणसासमोरही थांबतो, हा त्यातला आनुषंगिक लाभ. मला यात कुत्सितपणे काही म्हणायचं नाही. सुरक्षितता कोणत्या का दाराने येईना.

*

चांगीवरचं जमिनीवरचं काम मुख्यतः दोन कंपन्यांकडे आहे. सॅट्स ही जुनी, १९७२ पासूनची, मूळची सिंगापूर एअरलाइन्सच्या घरातली. दुसरी डनाटा, दुबईची; तिने २००४ मध्ये इथली सीआयएएस ही कंपनी विकत घेऊन पाय रोवला. २००५ मध्ये तिसरी म्हणून स्विसपोर्ट आली आणि तोटा सोसून २००९ मध्ये परत गेली. जगातली एवढी मोठी हँडलिंग कंपनी चांगीसारख्या गर्दीच्या विमानतळावर चार वर्षांच्या वर टिकत नाही, यावरून या धंद्यात किती कमी उरतं ते समजावं. एअरलाइन दर पाडून मागते, हँडलर माणसं मोजून लावतो, आणि त्यातली काही कामं पुढे आणखी छोट्या कंत्राटदाराकडे जातात.

अशाच एका कंत्राटी कामगाराची गोष्ट सिंगापूरच्या कोर्टात गेली होती. नोव्हेंबर २०१६ ते फेब्रुवारी २०१७ या काळात त्याने २८६ बॅगांची लेबलं अदलाबदल केली. पर्थची बॅग मनिलाला, मनिलाची लंडनला, अशा प्रकारची दैना. पकडला गेला तेव्हा कारण बाहेर आलं: सामान तपासण्याच्या जागी यंत्राने अडचण केली की बॅगा हातांनी उचलून दुसऱ्या पट्ट्यावर टाकाव्या लागत, त्याने जास्तीचा माणूस मागितला, मिळाला नाही. साठी ओलांडलेला माणूस. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला २० दिवसांची कैद झाली. त्याच्या रागाचं समर्थन होत नाही. पण त्या चार महिन्यांत त्याच्या पाठीची नोंद कुठल्या सदरात झाली असती? लेबलं बदलली म्हणून तो दिसला.

त्यात भर हवामानाची. सिंगापुरात वर्षातले दीडशेहून जास्त दिवस गडगडाटाचे. विजेचा इशारा लागला की रॅम्पवरचं काम थांबतं, माणसं आडोशाला जातात. वर गेटवर प्रवासी घड्याळ पाहत कुरकुरतात, मीसुद्धा कुरकुरलो आहे. इशारा उठला की खाली सगळी तुंबलेली विमानं एकदम सुटतात, ओल्या काँक्रीटवर, चिंब रेनकोटांत. उन्हाचंही तसंच. ऑक्टोबर २०२३ पासून तिथे नियम आहे: आर्द्रतेसह मोजलेलं तापमान ३२ अंशांवर गेलं की जड काम करणाऱ्याला तासाला किमान दहा मिनिटं सावलीत विश्रांती. नियम चांगला आहे. फक्त विमानाच्या सुटण्याच्या वेळेत ही दहा मिनिटं कोणी धरलेली नसतात.

*

सिंगापूरच्या कायद्याबद्दल मात्र मनापासून चांगलं बोलावं लागतं. २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेजवळ मेट्रोच्या भुयारासाठी खणलेला खड्डा कोसळून चार माणसं गेली. त्या वर्षी कामावरच्या मृत्यूंचं प्रमाण लाखामागे ४.९ होतं. सरकारने जुना कारखाने कायदा गुंडाळला आणि २००६ मध्ये कामाच्या जागेची सुरक्षितता आणि आरोग्य यांचा नवा कायदा आणला. त्यात एका गोष्टीची गाठ सोडवली आहे, जी रॅम्पसाठीच घातली असावी असं वाटतं. एकाच स्टँडवर सात कंपन्यांची माणसं असतील, तर जबाबदार कोण? कायदा म्हणतो: नेमणारा मालक, काम देणारा आणि जागा ताब्यात असणारा, तिघेही. २०२३ मध्ये प्रमाण ०.९९ वर आलं, मृत्यू ३६. २०२४ मध्ये पुन्हा ४३, प्रमाण १.२. रस्ते, बांधकाम, गोदामं सगळं धरून वाहनांचे अपघात मृत्यूच्या वरच्या कारणांत आहेतच.

भरपाईचा कायदा वेगळा. त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. काम करताना लागलं, एवढं पुरे. १ नोव्हेंबर २०२५ पासून कायमच्या अपंगत्वाला कमाल ३ लाख ४६ हजार सिंगापूर डॉलर्स, मृत्यूला २ लाख ६९ हजार, औषधोपचाराला ५३ हजार. जिवंत राहिलेल्याला मेलेल्यापेक्षा जास्त, हे पहिल्यांदा वाचताना अडखळायला होतं. मग लक्षात येतं, की जिवंत राहिलेल्याला जगायचं आहे. हा मार्ग धरला तर मालकावर निष्काळजीपणाचा दिवाणी दावा लावता येत नाही. दोन्हींतला एक निवडायचा.

या व्यवस्थेला एक भोक होतं. सप्टेंबर २०२० पर्यंत कामगाराला तीन दिवसांपेक्षा जास्त वैद्यकीय रजा मिळाली किंवा चोवीस तास इस्पितळात राहावं लागलं, तरच मालकाला अपघात कळवणं बंधनकारक होतं. मग काय होणार? बोट चेचलेल्या माणसाला दोन दिवसांची रजा आणि पुढे ‘हलकं काम’. ऑफिसात बसून हजेरीच्या कागदांना पंच मारायचे. परदेशी मजुरांसाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्था वर्षानुवर्षं याविरुद्ध ओरडत होत्या. १ सप्टेंबर २०२० पासून एक दिवसाची रजा असो वा नुसतं हलकं काम, कळवलंच पाहिजे असं ठरलं. माझ्या मते दंडाच्या मोठ्या आकड्यांपेक्षा हा बदल मोलाचा. मोठा अपघात कोणाला लपवता येत नाही. पण चेचलेलं बोट ही पुढच्या मृत्यूची आगाऊ सूचना असते आणि ती आता कागदावर येते.

चांगीवर चालकाविना धावणाऱ्या सामानाच्या ट्रॅक्टरांच्या चाचण्या काही वर्षं चालल्या आहेत. सिंगापुरात तरुण मनुष्यबळ कमी, त्यामुळे त्यांना हे करावंच लागणार. यंत्र पेंगत नाही, वळणावर मोबाइल पाहत नाही. तरी त्या दिवशी काचेतून पाहिलेली ती चार-पाच सेकंदं माझ्या डोक्यातून जात नाहीत. ट्रॅक्टर कोणीही हाको, दांडा उचलायला मध्ये कोण उभं राहणार? सगळ्यात आधी माणूस तिथून काढायला हवा होता. आपण आधी त्याला खुर्चीवरून काढतो आहोत.

*

१६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कलिन्याला नोकरीच्या थेट मुलाखतींसाठी इतकी गर्दी उसळली की ती आवरता आवरेना. सरकारी मालकीच्या एआय एअरपोर्ट सर्व्हिसेसने २,२१६ जागा काढल्या होत्या, आणि आलेल्यांचा आकडा वर्तमानपत्रांनी पंचवीस हजारांच्या घरात सांगितला. बुलढाण्यासारख्या लांबच्या जिल्ह्यांतूनही पोरं आली होती, काही पदवीधर. जागा होत्या हँडीमनच्या, म्हणजे लोडरच्या, आणि रॅम्प-ड्रायव्हरच्या. पगार बावीस ते पंचवीस हजार. शिक्षण दहावी. रॅम्प-ड्रायव्हरला अवजड वाहनाचा परवाना हवा. टीव्हीवर त्या दिवशी बेरोजगारीवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण या पोरांना निवड झाल्यावर जिथे उभं राहायचं होतं, त्या काँक्रीटबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

त्याच मुंबईत १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री एअर इंडियाच्या हैदराबादला निघालेल्या विमानाचं पुशबॅक संपलं होतं. जमिनीवरचा तंत्रज्ञ अजून विमानाजवळच होता, आणि विमान पुढे सरकलं. तो इंजिनात ओढला गेला. त्याही वेळी वेग नव्हता. धावपट्टी लांब होती.

आता नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झाला आहे. उलवे-पनवेलच्या ज्या गावांची जमीन गेली, तिथल्या मुलांना रॅम्पवर काम मिळावं ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. अवजड वाहनाचा परवाना काढणं त्या भागात अवघड नाही. जेएनपीटीच्या कंटेनरांनी दोन पिढ्यांना ट्रेलर हाकायला शिकवलं. पण ट्रेलरचं शिक्षण पुढे पाहण्याचं असतं. रॅम्पवरचं अर्धं कसब मागे येण्यात आहे. मागे डॉली, डॉलीजवळ माणूस, माणसाच्या कानांवर मफ.

सिंगापूरहून परतताना माझी जागा खिडकीशी होती. मुंबईला विमान गेटवर थांबलं आणि नेहमीप्रमाणे पट्टे सुटल्याचे खटाखट आवाज झाले; वरचे कप्पे उघडले, लोक मान वाकडी करून उभे राहिले. इंजिन अजून थंडावत होतं. विमानाच्या पोटाखालचा लाल दिवा काँक्रीटवर उमटत होता, विझत होता. हा दिवा बंद होईपर्यंत विमानाजवळ जायचं नाही, असा नियम. रंगवलेल्या रेषेपलीकडे बेल्ट-लोडर घरघरत होता, त्याच्या पुढे दोन्ही हातांत पिवळे गुटके घेतलेला एक पोरगा उभा होता. मागून कोणी तरी त्याला हाताने ‘चल, चल’ म्हणत होतं. दिवा अजून लागत होता. पोरगा हलला नाही.